तीनशे नकाशे, एक सीडी

१९९६ साली अमेरिकेत मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने ‘न्यूक इट’ ही सीडी बाजारात आणली. ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ या त्या वर्षी गाजत असलेल्या व्हिडिओ गेमच्या तीनशे नव्या लेव्हल्स तिच्यात होत्या. लेव्हल म्हणजे खेळाचा एक टप्पा: गल्ल्या, खोल्या, बोळ, दारामागे दबा धरून बसलेले शत्रू, कोपऱ्यात लपवलेली औषधाची पेटी. या तीनशेपैकी एकही लेव्हल कंपनीने बनवलेली नव्हती. गेम खेळणाऱ्या हौशी माणसांनी त्या बनवल्या होत्या आणि इतरांना खेळता याव्यात म्हणून इंटरनेटवर फुकट ठेवल्या होत्या. कंपनीने त्या उतरवून घेतल्या, सीडीवर भरल्या, खोक्यावर गेममधली दृश्यं छापली आणि किंमत लावून विकायला काढल्या. प्रकरण कोर्टात गेलं. दोन वर्षांनी अपील कोर्टाने निकाल दिला आणि तो निकाल आजही या विषयातल्या वादांत हमखास पुढे केला जातो. मात्र ज्यांनी ते तीनशे नकाशे रचले, त्यांच्यापैकी कोणीही त्या खटल्यात पक्षकार नव्हतं.

खेळाडूने गेममध्ये काढलेलं चित्र, उभारलेली इमारत, शिवलेला पोशाख कोणाच्या मालकीचा, या प्रश्नाला आता चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे. तो बहुतेक वकिलांच्या भाषेत लिहिला गेलाय, त्यामुळे साहित्याच्या वाचकापर्यंत तो फारसा पोचत नाही. खरं तर हा प्रश्न साहित्याचाच आहे. दुसऱ्याच्या पात्राला घेऊन मी नवी गोष्ट रचली, तर त्या गोष्टीतलं माझं काय?

सुरुवातीला कोर्टांना खेळाडू दिसतच नव्हता. १९८२ मध्ये ‘स्क्रॅम्बल’ या आर्केड गेमची नक्कल करणाऱ्या कंपनीने असा बचाव केला, की पडद्यावरचं दृश्य दर वेळी खेळाडूच्या हातांनी बदलतं, मग त्यावर ठरावीक कृती म्हणून कॉपीराइट कसा लागू होईल? कोर्टाने तो बचाव फेटाळला. पुढच्या वर्षी, एप्रिल १९८३ मध्ये, ‘गॅलॅक्सियन’ हा गेम वेगाने पळवणारे सर्किट बोर्ड विकणाऱ्या आर्टिक कंपनीविरुद्ध निकाल लागला. त्यात न्यायमूर्तींनी खेळाडूची तुलना दूरदर्शन संचाची वाहिनी बदलणाऱ्या माणसाशी केली. तो कादंबरी लिहीत नाही, चित्र काढत नाही. दिलेल्या मोजक्या पर्यायांतून एक निवडतो, एवढंच. नाण्यावर चालणाऱ्या तेव्हाच्या यंत्रांपुरतं हे बरोबरही होतं. गंमत अशी की त्याच १९८३ साली घरगुती संगणकासाठी ‘लोड रनर’ आला, त्यात स्वतःच्या लेव्हल्स रचायची सोय होती. त्याच सुमारास बिल बज यांचा ‘पिनबॉल कन्स्ट्रक्शन सेट’ही आला. त्याचा तर सगळा खेळच पिनबॉलचं टेबल स्वतः मांडण्याचा होता. कोर्ट म्हणत होतं खेळाडू चित्र काढत नाही, आणि दुकानात त्याच्यासाठी रंगपेटी विकायला आली होती.

डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ आला आणि ही रंगपेटी हजारो हातांत पोचली. आयडी सॉफ्टवेअरच्या जॉन कार्मॅक यांनी गेमचं इंजिन एकीकडे आणि चित्रं, आवाज, नकाशे दुसरीकडे अशी मांडणी केली होती. मूळ गेमला धक्का न लावता कोणीही आपली फाइल जोडून नवी लेव्हल खेळवू शकत होतं. चाहत्यांनी काही महिन्यांतच स्वतःची संपादन-साधनं तयार केली. १९९४ मध्ये एकाने ‘एलियन’ चित्रपटमालिकेतल्या प्राण्यांना घेऊन अख्खा ‘डूम’ बदलून टाकला. पुढे ‘क्वेक’साठी असाच एलियनांचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या चित्रपट कंपनीने तो बंद पाडला. हौशी निर्मात्यांच्या बोलीत त्यावरून एक क्रियापदच आलं: काम ‘फॉक्स्ड’ झालं, म्हणजे वकिलाची नोटीस येऊन थांबलं.

या फुकट पसरलेल्या फाइली गोळा करून सीडीवर विकण्याचा धंदाही लगेच उभा राहिला. तेव्हा इंटरनेट हळू होतं, फोनचं बिल चढत असे, त्यामुळे शेकडो लेव्हल्स एकत्र मिळणाऱ्या सीडीला गिऱ्हाईक होतं. ‘डीझोन’ नावाची अशी सीडी चांगली खपली. आणि १९९५ अखेरीस खुद्द आयडी सॉफ्टवेअरने ‘डूम २’च्या निवडक लेव्हल्सचा संच काढला, तेव्हा त्यासोबत ‘मॅक्सिमम डूम’ या नावाने हौशी लोकांच्या हजाराहून अधिक फाइली भरून दिल्या. म्हणजे मायक्रो स्टारने केलं ते काही जगावेगळं नव्हतं. तिने ते दुसऱ्याच्या गेमबाबत केलं, हा तिचा अपराध.

आता त्या खटल्याकडे. कोर्टात पहिल्यांदा गेली ती मायक्रो स्टारच. ड्यूकचे प्रकाशक फॉर्मजेन आक्षेप घेणार हे दिसताच, आपली सीडी कॉपीराइटचा भंग करत नाही असं जाहीर करून मिळावं, म्हणून तिने दावा लावला. खालच्या कोर्टात तिचं बरंचसं साधलं. खोक्यावरची दृश्यं तेवढी काढा, सीडी चालेल, असा तो आदेश होता. फॉर्मजेन अपिलात गेली आणि ११ सप्टेंबर १९९८ रोजी नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने तो आदेश उलटवला. निकाल न्यायमूर्ती अ‍ॅलेक्स कोझिन्स्की यांनी लिहिला. इंग्रजी निकालपत्रं सहसा वाचवत नाहीत. हे मात्र वाचताना हसू येतं.

मुद्दा तांत्रिक होता, पण समजायला अवघड नाही. गेमचे तीन भाग होते. एक इंजिन, म्हणजे खेळ चालवणारी यंत्रणा. दुसरं चित्रांचं भांडार. तिसरी नकाशाची फाइल. नाटकाच्या प्रयोगात रंगमंच-व्यवस्थेची वही असते ना, तशी ही फाइल: इथे खांब, इथे दिवा, इथे पाण्याखाली श्वास घ्यायचं साधन, इथून शत्रूचा प्रवेश. इंजिन ही वही वाचतं आणि भांडारातून चित्र आणून योग्य जागी लावतं. खेळाडूने बनवलेल्या फाइलीत ड्यूकचं एकही चित्र नसतं; असतात त्या फक्त सूचना. मायक्रो स्टारचं म्हणणं हेच होतं. आम्ही चित्र विकलंच नाही, तर चोरी कशाची?

कोझिन्स्कींनी उलट विचारलं, की संगीताची स्वरलिपी तरी दुसरं काय करते? तिच्यात आवाज नसतो. चाल कशी वाजवायची याचं तंतोतंत वर्णन असतं. तरी ती छापून विकली तर चालीवरचा हक्क मोडतोच. नकाशाची फाइल हेसुद्धा पडद्यावर दिसणार असलेल्या दृश्याचं शेवटच्या तपशिलापर्यंतचं वर्णन आहे. शिवाय, ते म्हणाले, इथे प्रश्न सुट्या चित्रांचा नाहीच, गोष्टीचा आहे. उद्ध्वस्त लॉस एंजेलिसमध्ये हिंडणारा ड्यूक नावाचा एक दांडगा गडी, डुकरतोंड्या पोलिसांना गोळ्या घालतो, हातबॉम्ब फेकतो, पाठीवरच्या यंत्राने उडतो. या गड्याच्या पुढच्या पराक्रमांची गोष्ट सांगायचा हक्क मूळ मालकाचा. तीनशे लेव्हल्स म्हणजे ड्यूकचे तीनशे उत्तरार्ध. कायदा याला ‘डेरिव्हेटिव्ह वर्क’ म्हणतो; आपण सरळ ‘बेतलेली कृती’ म्हणू. बेतायचं तर परवानगी हवी.

परवानगी होतीही, अटीसकट. गेमबरोबर ‘बिल्ड’ नावाचं संपादन-साधन येत असे आणि कंपनी खेळाडूंना लेव्हल्स बनवायला उत्तेजन देत असे. अट एवढीच की बनवलेल्या लेव्हल्स इतरांना फुकटच द्यायच्या. मायक्रो स्टारने म्हटलं, असं उत्तेजन देऊन फॉर्मजेनने आपला हक्क सोडूनच दिला. कोर्टाला ते पटलं नाही, आणि पटू नये हेही बरोबर. पाहुण्याला अंगणात खेळू दिलं म्हणून अंगण कोणी देऊन टाकत नाही.

निकालात एक तळटीप आहे, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ती म्हणते: हे नकाशे ड्यूकच्या गेमशिवाय दुसरीकडे चालत नाहीत. समजा दुसऱ्या एखाद्या गेममध्ये तेच नकाशे लावून, फिक्या रंगाच्या भूलभुलैयात कागदाच्या क्लिपांनी खुनशी मीठदाण्या मारत फिरणाऱ्या एखाद्या बुजऱ्या गृहस्थाची गोष्ट सांगता आली असती, तर हक्कभंग झाला नसता, कारण ती ड्यूकची गोष्ट राहिली नसती. विनोद झकास आहे. पण त्यात एक कबुली दडलेली आहे. भिंती कुठे, अंधार कुठे, भीती कोणत्या वळणावर, सुटकेची वाट किती उशिरा दिसावी, ही रचना ड्यूकपासून वेगळी काढता येते, असं कोर्ट स्वतःच म्हणतंय. ती रचना कोणी केली? ज्याने लेव्हल बनवली त्याने. परवानगी घेऊन बेतलेल्या कृतीत जो नवा भाग असतो, त्यावर अमेरिकन कायद्यात बेतणाऱ्याचा स्वतःचा हक्क असतो, करारात तो सोडून दिला नसेल तर. म्हणजे मायक्रो स्टारने फॉर्मजेनबरोबरच त्या नकाशेकारांचाही हक्क मोडला, असं म्हणायला जागा होती. पण ते म्हणणार कोण? दोन कंपन्यांच्या भांडणात तीनशे कृतींना एकच नाव पडलं, ‘ड्यूकच्या गोष्टी’, आणि त्यांतली एकही कृती एकटी म्हणून तपासली गेली नाही. निकाल चुकला असं मी म्हणत नाही. मायक्रो स्टारला चाप बसणं न्याय्यच होतं. पण नकाशेकाराचा प्रश्न तेव्हा जो बाजूला पडला, तो पुढेही पडूनच राहिला.

२००४ साली प्रश्नाची दिशा उलटी झाली. ‘सिटी ऑफ हीरोज’ या ऑनलाइन गेममध्ये प्रत्येक खेळाडू आपला महानायक स्वतः घडवत असे: अंगकाठी, मुखवटा, झगा, रंग, शक्ती, नाव. साहजिकच काहींनी हिरवा धिप्पाड राक्षस बनवला, काहींनी पंजातून नख्या काढणारा वीर. मार्व्हल कॉमिक्सने गेमच्या कंपन्यांवर, एनसीसॉफ्ट आणि क्रिप्टिक स्टुडिओजवर, दावा लावला की तुमचं साधनच आमच्या हल्क आणि वुल्व्हरिनची नक्कल करायला लोकांना हात देतं. मार्च २००५ मध्ये न्यायाधीशांनी दाव्यातला काही भाग काढून टाकला. त्याचं एक कारण वाचण्यासारखं आहे. पुरावा म्हणून जोडलेल्या काही नकली नायकांना खेळाडूंनी घडवलंच नव्हतं. मार्व्हलच्याच माणसांनी गेममध्ये शिरून त्यांना घडवलं होतं. वर्षअखेर तडजोड झाली आणि नायक घडवण्याचं साधन जसंच्या तसं राहिलं. पण धास्ती बसली ती बसलीच. यानंतर ज्या ज्या गेमने खेळाडूच्या हाती ब्रश दिला, त्यांच्या अटींत आणि देखरेखीत ती दिसते. २०२० मध्ये ‘ड्रीम्स’ या गेममध्ये एकाने हौसेने घडवलेला मारिओ निन्टेन्डोच्या हरकतीमुळे काढला गेला. त्याच वर्षी निन्टेन्डोच्याच ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’मध्ये खेळाडू बत्तीस गुणिले बत्तीस चौकोनांच्या जाळीत चित्रं रंगवून घराच्या भिंतीवर लावत होते, आणि लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने आपल्याकडची हक्कमुक्त चित्रं त्या जाळीत उतरवायचं साधन लोकांना दिलं.

एक वेगळा प्रयोगही झाला. ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगाच्या चालकांनी, लिंडन लॅबने, नोव्हेंबर २००३ मध्ये जाहीर केलं की इथे रहिवाशांनी बनवलेल्या वस्तूंचे बौद्धिक हक्क रहिवाशांचेच. लोकांनी कपडे, फर्निचर, कातडीचे रंग बनवून विकायला सुरुवात केली. काहींचा तो चरितार्थ झाला. हक्क मिळाला, तेव्हा चोरीही मिळाली. २००६ मध्ये कोणतीही वस्तू हुबेहूब उतरवणारा ‘कॉपीबॉट’ आला आणि दुकानदारांनी निषेध म्हणून दुकानं बंद ठेवली. पुढच्या वर्षी पलंग बनवणारा एक व्यावसायिक नक्कल करणाऱ्या तरुणाविरुद्ध खऱ्या कोर्टात गेला. या साऱ्या इतिहासात बनवणारा स्वतः फिर्यादी म्हणून उभा राहिलेला असा क्वचितच दिसतो. पण २०१३ मध्ये चालकांनी अटी बदलून रहिवाशांच्या कृती हव्या तशा वापरण्याची जवळजवळ अमर्याद मुभा स्वतःकडे घेतली. त्यावर भिंती, लाकूड, कापड यांचे फोटो कलाकारांना पुरवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने आपली चित्रं सेकंड लाइफमध्ये वापरायला बंदीच केली. मधल्या मध्ये अडकला तो घर बांधणारा.

चित्रकाराच्या दृष्टीने सगळ्यांत विचित्र गोष्ट घडली ती २०१४ मध्ये. व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्ये बंदुकांना ‘स्किन’ चढवता येत असत. स्किन म्हणजे बंदुकीवरची रंगकारी. तिने नेम सुधारत नाही, बंदूक फक्त देखणी होते. ही रंगकारी खेळाडूच काढून पाठवत, निवड झाली तर विक्रीतला वाटा मिळत असे. त्या वर्षी ‘हाउल’ नावाची स्किन आली: ज्वाळांच्या रंगात जबडा वासलेला एक श्वापदाचा चेहरा. काही आठवड्यांतच उघड झालं की तो चेहरा चित्रकारांच्या एका संकेतस्थळावरून, मूळ चित्रकाराला न विचारता उचललेला आहे. चित्रकाराकडून रीतसर नोटीस गेली. व्हॉल्व्हने ही स्किन नव्याने मिळणं बंद केलं, पाठवणाऱ्यांवर कायमची बंदी घातली आणि ज्यांच्याकडे ती आधीच होती त्यांच्या बंदुकीवरचं चित्र बदलून आपल्या कलाकारांनी काढलेलं नवं चित्र बसवलं. अशा वस्तूंसाठी ‘कॉन्ट्राबँड’, म्हणजे निषिद्ध माल, असा खास वर्गही निर्माण केला.

कायद्याच्या बाजूने हे सगळं चोख झालं, यात शंका नाही. नोटीस आली, चोरीचं चित्र गेलं. मग बाजाराने आपलं काम केलं. नवी प्रत कधीच निघणार नाही म्हटल्यावर उरलेल्या प्रती दुर्मीळ झाल्या, आणि त्यांचे भाव चढत हजारो डॉलरांवर गेले. चोरीच्या डागानेच वस्तूला मोल आलं. तेही अशा वस्तूला, जिच्यावर आता ते चोरलेलं चित्र उरलेलंच नाही. संग्राहक मोजतो ती किंमत डागाची आणि टंचाईची. मूळ श्वापद काढणाऱ्याचा त्या देवघेवीशी काही संबंध राहिलेला नाही.

कोर्टाच्या पायऱ्या चढणं सगळ्यांनाच परवडत नाही. म्हणून हळूहळू सगळा कारभार कराराकडे गेला, त्या लांबलचक अटींकडे ज्यांच्याखाली ‘मान्य आहे’ असं बटण असतं. ‘वॉरक्राफ्ट ३’ या ब्लिझर्ड कंपनीच्या गेमच्या नकाशा-साधनातून २००३ मध्ये ‘यूल’ या टोपणनावाच्या खेळाडूने ‘डोटा’ रचला. २००४ मध्ये त्याने जाहीर केलं, की आता कोणीही याची आवृत्ती काढावी, माझी संमती लागणार नाही. श्रेयनामावलीत फक्त दखल घ्या. इतरांनी ‘डोटा’ वाढवला. त्यातून ‘लीग ऑफ लेजंड्स’सारखे कोट्यवधी लोकांचे खेळ आले, व्हॉल्व्हचा ‘डोटा २’ आला, नावावरून व्हॉल्व्ह आणि ब्लिझर्ड भांडले आणि २०१२ मध्ये मिटवूनही मोकळे झाले. २०१७ मध्ये नक्कल करणाऱ्या कंपन्यांविरुद्धच्या खटल्यात ‘डोटा’ची मालकी कोणाकडून कोणाकडे आली याचा धागा उलगडताना कोर्टाला यूलच्या त्या जुन्या निवेदनाचा अर्थ लावत बसावं लागलं. असा दुसरा ‘डोटा’ हातून निसटू नये याची तजवीज ब्लिझर्डने जानेवारी २०२० मध्ये केली. ‘वॉरक्राफ्ट ३: रीफोर्ज्ड’सोबत आलेल्या अटी सांगतात, की या साधनाने बनवलेले खेळ ही केवळ ब्लिझर्डची मालमत्ता, आणि निर्माता म्हणून नाव लागण्यासारखे जे नैतिक हक्क, तेही कायदा परवानगी देईल तिथवर खेळाडूने सोडायचे.

‘कायदा परवानगी देईल तिथवर’ या शब्दांपाशी भारतातल्या खेळाडूने जरा थांबावं. हीच अटींची यादी पुण्यात, कोचीत, गुवाहाटीत बसलेला खेळाडूही मान्य करतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ म्हणतं की हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी हवं. कलम ५७ म्हणतं की कृतीवर आपलं नाव असण्याचा आणि तिची मोडतोड होऊन आपली बदनामी होत असेल तर ती रोखण्याचा कर्त्याचा अधिकार, कॉपीराइट दुसऱ्याला देऊन टाकल्यावरही, कर्त्याकडेच राहतो. या कलमाचा सगळ्यांत ठळक वापर शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी केला. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं प्रचंड कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उखडून गोदामात टाकलं गेलं. शिल्पाची मालकी सरकारची होती, तरी दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला: पाच लाख रुपये भरपाई आणि शिल्पाचे उरलेले अवशेष परत.

सर्व्हर बंद झाला की गेममधल्या कृतीचे असे अवशेषही मागायची सोय राहत नाही. ‘सिटी ऑफ हीरोज’ ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद झाला आणि साडेआठ वर्षं लोकांनी शिवलेले महानायक एका रात्रीत गेले. पुढे चाहत्यांनी स्वतःचे सर्व्हर उभे केले, आधी गुपचूप, मग उघड. त्यांपैकी ‘होमकमिंग’ला एनसीसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये रीतसर परवाना दिला. ज्या खेळाडूंनी आपल्या नायकाच्या पोशाखाची फाइल तेव्हा घरच्या संगणकावर उतरवून ठेवली होती, त्यांनी ती शोधून काढली आणि तिथे पुन्हा चढवली.